देवघरातली कादंबरी

अंबरनाथात मालिनीबाई शेडग्यांची ओळख करून द्यायला जो कुणी उभा राहतो, तो पहिल्याच वाक्यात घसरतो. "आपल्या लाडक्या बालसाहित्यिका," असं म्हणून तो टाळ्या घेतो, आणि मालिनीबाई ओठ आवळून हसतात. बालसाहित्य म्हणजे ससा, कासव, परी. मालिनीबाईंनी आयुष्यात एक ससा लिहिलेला नाही. त्यांच्या पुस्तकांत तेरा ते सतरा वर्षांची पोरं असतात, आणि त्या वयाच्या पोरांना ससा सांगायला जावं तर ती दार आपटून निघून जातात. पण हे सांगायचं कुणाला? एका मंडळाने त्यांना गणपतीत पाहुण्या म्हणून बोलावलं आणि फॅन्सी ड्रेसच्या परीक्षक म्हणून बसवलं. चार टोमॅटो, दोन मोबाइलचे टॉवर आणि एक रडणारं वांगं यांच्यात पहिला नंबर काढून त्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, तीही बालसाहित्यिका म्हणूनच.

वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत, राहायला फॅक्टरीचं क्वार्टर, शाळा मराठी माध्यमाची. बारावीनंतर टायपिंग शिकून एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात चिकटल्या. लग्न झालं तेही फॅक्टरीतल्याच हिंदुराव शेडग्यांशी. माणूस साताऱ्याकडचा, शांत, बायको लिहिते याचं कौतुक करणारा आणि त्यातलं एक अक्षर न वाचणारा. "तू लिहिलंयस म्हणजे चांगलंच असणार," एवढं बोलून ते क्रिकेट लावत.

लिहिण्याचं खूळ डोक्यात शिरलं ते मुलीमुळे. कीर्ती तेरा वर्षांची झाली आणि वाचायला काही मागू लागली. मालिनीबाई वाचनालयात गेल्या. तिथल्या बाईंनी एका हाताने राजा-राणीचं पुस्तक काढलं आणि दुसऱ्या हाताने एक जाडजूड कादंबरी, ज्यात पहिल्याच पानावर नवरा बायकोला सोडून जातो. मधलं काही आहे का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, "या वयाचं काही नसतं हो." मालिनीबाईंना त्या वाक्याचा जो राग आला, तो वीस-बावीस वर्षं पुरला. सकाळी कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या लिहायचं, असं करत त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. पोळ्या लाटताना सुचलं तर पिठाच्या हाताने लिहीत. छापखान्यातला माणूस म्हणे, तुमचे कागद आम्ही वासावरून ओळखतो.

पुस्तकं छापली गेली. काही शाळांनी घेतली आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. उरलेल्या प्रती दिवाणाखाली गेल्या. राहता राहिले वाचक. आईबाप प्रदर्शनात पुस्तक हातात घेत, चाळत, "किती छान," म्हणत आणि परत ठेवून देत. मुलगी आठवीत असली तर पाया पक्का करायचा असतो. नववी फार महत्त्वाची. दहावीचं तर बोलायलाच नको. अकरावी-बारावीला क्लासच सकाळी सहाला सुरू होतो. मालिनीबाई हिंदुरावांना म्हणत, "मी ज्या वयासाठी लिहिते, त्या वयाला वाचायला वयच ठेवलेलं नाही या लोकांनी." कीर्तीसुद्धा कधीच मोठी होऊन संसाराला लागली होती. एवढ्या वर्षांत परक्या घरची एकही पंधरा वर्षांची मुलगी त्यांना भेटली नव्हती, जी म्हणेल, मी तुमचं पुस्तक वाचलं. बक्षीस नको, सत्कार नको, शाल तर मुळीच नको, घरात चौदा पडल्या होत्या. एक पोरगी हवी होती.

सोमवारी शिवमंदिरात जायचा त्यांचा नेम होता. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, पिंडीवर बेल वाहायचा, हात जोडायचे आणि काही न मागता वर यायचं. देवाकडे वाचक मागणं त्यांना बरं वाटत नसे. त्याच्यामागे काय कमी कामं आहेत.

सहावी कादंबरी या देवळाच्याच परिसरात घडली. 'शिवमंदिराच्या मागे' हे नाव. निशा नावाची मुलगी गणितात नापास होते, घरी सांगत नाही, रोज क्लासला म्हणून निघते आणि देवळामागे नदीच्या काठी बसून राहते. तिथे तिला बारवी धरणाकडच्या डोंगरातून बेलाची पानं विकायला येणारा विकास भेटतो. बाकी खोटं बोलणं, पकडलं जाणं, पळणं, परत येणं. मालिनीबाईंना वाटलं, ही जमली.

प्रकाशक उल्हासनगरचा सिंधी, विनीत. त्याचे वडील व्रतांची पुस्तकं आणि आरतीसंग्रह छापत. पोराने धंदा वाढवला तरी हात त्याच वळणाचा. पुस्तक हातात आलं आणि मालिनीबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. भगवं मुखपृष्ठ. त्यावर मधोमध पिंड, पिंडीमागे प्रभावळ. सोनेरी मोठ्या अक्षरांत 'शिवमंदिराच्या', आणि 'मागे' हा शब्द खाली बेलपानाच्या देठाशी, भिंगातून दिसेल एवढा. शेवटच्या दोन पानांवर शंकराची आरती.

"अरे विनीत, ही कादंबरी आहे. यात आरती कशाला?"

"काकू, सोळा पानांच्या फॉर्ममध्ये शेवटची दोन पानं कोरी राहत होती."

"मग राहू द्यायची कोरी."

"कोरं पान गेलं की गिऱ्हाईकाला वाटतं, फसवलं. साईं, भगवा रंग चालतो आपल्याकडे. तुम्ही बघा तर."

वर त्याने जाता जाता हेही सांगून टाकलं, की हे पुस्तक उठलं नाही तर यापुढे पोराटोरांच्या कादंबऱ्या बंद. काकूंनी सणावारांवर लिहावं, त्याला मरण नाही. मालिनीबाईंनी त्या संध्याकाळी सातव्या कादंबरीचे अर्धे झालेले कागद पिशवीत भरले आणि पिशवी माळ्यावर टाकली. हिंदुरावांनी स्टूल धरलं आणि विचारलं, "काय आहे गं त्यात?" त्या म्हणाल्या, "जुने कपडे."

आणि मग संक्रांतीनंतर विनीतचा फोन. देवळासमोरच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात त्याने प्रती ठेवल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या. बदलापूरच्या एकाच बाईंनी एक्कावन्न नेल्या. मालिनीबाईंनी फोन ठेवला, देवाला साखर ठेवली आणि हिंदुरावांना क्रिकेट बंद करायला लावून ही बातमी दोनदा सांगितली. एक्कावन्न! कुठली तरी शाळा असेल. कुणी तरी समजूतदार बाई असेल. त्या रात्री त्यांना झोपही बरी लागली.

हा आनंद महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यापर्यंत टिकला. त्या दिवशी बदलापूरच्या सोनिवलीहून वृंदा म्हात्रे म्हणून बाईंचा फोन आला. नंबर पुस्तकाच्या मागे मिळाला म्हणाल्या. सोनिवलीच्या नव्या कॉम्प्लेक्समधल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. यंदा हळदीकुंकवाला सगळ्या जणी प्लॅस्टिकचे डबे लुटतात, तसं न करता काही पवित्र वाण द्यावं म्हणून त्यांनी ही पोथी एक्कावन्न जणींना दिली होती. सगळ्यांनी ती देवघरात ठेवली आहे, लाल कापडात बांधून. आमच्या घरचं एक माणूस सोडलं तर अजून कुणी उघडलेली नाही, कारण पोथी काही येताजाता उघडत नाहीत. महाशिवरात्रीला क्लबहाऊसमध्ये एकदम उघडायची, सामूहिक पारायण करायचं, आणि पहिला अध्याय मॅडमनीच वाचायचा. नारळ-साडीची सोय केली आहे.

पलीकडून वृंदाताई म्हणाल्या, "तुम्ही सोवळ्यातलं नेसून आलात तर उत्तमच."

फोन ठेवल्यावर त्यांना आधी हसू आलं, मग विनीतचा गळा धरावासा वाटला, आणि मग भीती वाटली. त्या देवभोळ्या नव्हत्या, पण देवाला मानणाऱ्या होत्या. एक्कावन्न घरांत बायका रोज आंघोळ करून त्यांच्या निशाला हळदकुंकू वाहत होत्या. त्या निशाला, जी सहाव्या प्रकरणात आईच्या पर्समधून क्लासची फी काढून भेळ खाते! देवाच्या नावावर आपलं पुस्तक खपलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. आणि खरं सांगितलं, तर एक्कावन्नच्या एक्कावन्न परत येणार, दिवाणाखाली जागाही नव्हती, आणि विनीत म्हणणार, बघा, मी बोललो होतो. म्हणजे लिहिणं संपलं.

हिंदुराव म्हणाले, "वाचू दे की पारायणात. कळेल तेव्हा कळेल."

"अहो, पहिल्याच ओळीत ती शिव्या घालते गणिताच्या सरांना."

"मग जाऊन सांगून ये."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, की मालिनीबाईंना त्यांचाही राग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बदलापूर स्टेशनबाहेरून शेअर रिक्षाने सोनिवलीला निघाल्या. जिथे कधीकाळी भाताची खाचरं होती तिथे आता चौदा मजले उभे होते आणि कमानीवर परदेशी वाटेलसं नाव होतं. म्हात्रे मूळचे याच गावचे. जमीन इमारतीत गेली आणि त्याच इमारतीत त्यांना तिसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळाले.

वृंदाताईंनी दार उघडलं, ओळखलं, आणि तोंडभर हसण्याऐवजी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू या मॅडम. आमची श्रद्धा पोथीला बसलीय."

मालिनीबाई चपला काढता काढता थांबल्या. हॉलच्या कोपऱ्यात देवघर होतं. समोर पाटावर एक मुलगी बसली होती, पंधरा वर्षांची असेल, ओढणी डोक्यावरून घेतलेली. पुढ्यात चौरंग, चौरंगावर लाल कापड, कापडावर पुस्तक. शेजारी भिंतीला टेकून एक म्हातारी पाय पसरून बसली होती, ती वृंदाताईंची सासू, अंजनीआजी. मुलगी हळू आवाजात वाचत होती आणि मध्येच पान उलटत होती.

वृंदाताई कानाशी येऊन कौतुकाने सांगत होत्या. बाकी सगळ्या जणी महाशिवरात्रीची वाट बघतायत, पण श्रद्धाला धीर निघाला नाही. आठ दिवस झाले, रोज शाळेतून आली की हातपाय धुऊन बसते. मोबाइल लांब ठेवते, आपणहून. नाहीतर ही पोरगी, जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. आता मात्र आपणच हाक मारत नाही. पोथीला बसलेल्या माणसाला कुणी उठवतं का? भांडी मीच घासते. देवाचं करतेय, करू दे. एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या.

मालिनीबाई तिथेच उभ्या राहिल्या. वीस-बावीस वर्षं ज्या मुलीची वाट पाहिली, ती डोक्यावरून ओढणी घेऊन, उदबत्तीच्या धुरात, त्यांचं अकरावं प्रकरण वाचत होती. श्रद्धाने मान वर केली. पुस्तकाच्या मागे फोटो होता. तिने एकदा फोटो पाहिला, एकदा समोरची बाई पाहिली, आणि तिचा चेहरा पडला.

"मॅडम, प्लीज," ती कुजबुजली. "मम्मीला बोलू नका ना. चारच चॅप्टर राहिलेत."

मालिनीबाईंचा जीव दोन्हीकडून ओढला जात होता. चार प्रकरणं म्हणजे दोन-तीन दिवस. नंतर फोनवर सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. एवढ्यात वृंदाताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी कप द्यायच्या आधी देवाला हात जोडले, आणि जाता जाता पुस्तकाच्या कडेलाही बोटं लावून ती कपाळाला टेकवली. ते मालिनीबाईंना बघवेना.

"वृंदाताई, ही पोथी नाही," त्या म्हणाल्या. "गोष्ट आहे. मी रचलेली. यात देव नाही."

"असं कसं? मागे आरती आहे की."

"ती प्रकाशकाने टाकली."

"उगाच कोण टाकेल आरती?"

"पान कोरं राहत होतं."

वृंदाताईंनी ट्रे टेकवला, पुस्तक उचललं, मधूनच उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "'विकासने पाटी डोक्यावर घेतली आणि निशा कुंपणावरून उडी मारून नदीकडे पळाली.'" त्यांनी पान उलटलं, आणखी दोन ओळी मनात वाचल्या आणि पुस्तक मिटून सोफ्यावर बसल्या. मग जे सुरू झालं ते चहा गार होईपर्यंत चाललं. एक्कावन्न जणींना कुंकू लावून दिलं. सी विंगच्या त्या कुलकर्णीबाई आधीच टपलेल्या आहेत. ग्रुपवर काय टाकू मी? क्लबहाऊस बुक केलंय. मॅडम, तुम्हाला तरी छापताना कळायला नको? मालिनीबाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्यातलं निम्मं त्यांनी स्वतः विनीतला ऐकवलेलं होतं. शेवटी वृंदाताई म्हणाल्या, आता घरोघरी जाऊन सगळी परत गोळा करते, आणि मग एकदम श्रद्धाकडे वळल्या.

"आणि तू? तू आठ दिवस काय वाचत होतीस?"

मालिनीबाईंकडे श्रद्धाने अशी नजर टाकली, की त्यांना वाटलं, चौरंगाखाली शिरावं.

"मला वाचून दाखवत व्हती," अंजनीआजी म्हणाल्या. आठ दिवसांत पहिल्यांदाच कुणी त्यांच्याकडे पाहिलं असावं.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पोरगी नापास झाली, खोटं बोलली, रिक्षात ओकली. पोथीत कवा रिक्षा येते का? मी म्हटलं देव येईल आता, मग येईल. अजून आला नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"आठ दिवस पोर एका जागी बसली. तू बसवलीस का कधी?" आजींनी पाय आवळून घेतले. "आणि त्या पोरीचं पुढं काय व्हतंय ते मला ऐकायचंय. बापाला कळलंय, आता घरी येतेय ती. आणि तू मधेच आलीस."

वृंदाताईंनी पापाचं काढलं, देवासमोर असलं ठेवलं, कुंकू वाहिलं. त्यावर आजी म्हणाल्या, दसऱ्याला आपण विळ्याला लावतो, स्कूटरला लावतो, मग काय विळा देव झाला? आणि परत गोळा करायचं खूळ डोक्यातून काढ. वाण एकदा ओटीत घातलं की घातलं. दारोदार जाऊन वाण परत मागणारी बाई या गावात झाली नाय, आणि ती आपल्या घरची नको व्हायला. महाशिवरात्रीला वाचायला खरी पोथी हाय माझ्या ट्रंकेत, सासूची. ती काढ.

वाण परत घेत नाहीत हे वृंदाताईंनाही ठाऊक होतं, आणि कुंकू लागलेलं पुस्तक रद्दीत घालायला सी विंगच्या कुलकर्णीबाईंचाही हात धजणार नव्हता. म्हणजे एक्कावन्न प्रती एक्कावन्न घरांत राहणार, देवघरातून उचलून कुठे ठेवायच्या ते ज्याचं त्याने बघावं. त्यांनी मालिनीबाईंना दुसरा चहा विचारला, पण अशा आवाजात, की मालिनीबाई नको म्हणाल्या.

"चल, चौरंग उचल," वृंदाताई श्रद्धाला म्हणाल्या. "उद्यापासून भांडी तुझ्याकडे."

"भांडी घासून ये आणि मग वाच," आजी म्हणाल्या. "पण माझ्यासमोर. मी ऐकतेय."

वृंदाताई ट्रे उचलून आत गेल्या. श्रद्धा मालिनीबाईंना सोडायला लिफ्टपर्यंत आली. मालिनीबाई मनात जुळवाजुळव करत होत्या. पहिली वाचक. काय विचारावं तिला? काय आवडलं म्हणून विचारावं का? तोवर तिनेच तोंड उघडलं.

"एक सांगू मॅडम? राग नाही ना येणार? ती निशा एवढी रडते कशाला?"

"म्हणजे?"

"प्रत्येक चॅप्टरमध्ये रडते. आम्ही नाही रडत एवढं. नापास झाल्यावर आधी तर भूक लागते, टेन्शनमध्ये. आणि तो विकास, तो नुसता बेल तोडतो. त्याला काय लाइफच नाही का? म्हणजे, स्टोरी भारी आहे. पण रडणं कमी करा ना."

लिफ्ट आली. मालिनीबाई बरं म्हणाल्या आणि खाली उतरेपर्यंत त्यांचे कान तापले. स्टेशनपर्यंत रिक्षात त्या भांडत होत्या. कालची पोरगी मला शिकवणार! रडते म्हणजे काय, संवेदनशील आहे ती. बारवीला जाऊन मी बेल तोडणाऱ्यांच्या घरी बसून आलेय, याला लाइफ नाही म्हणे. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, काही बोललात का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही पुढे बघा."

घरी येऊन त्यांनी दिवाणाखालची प्रत ओढली आणि उभ्याउभ्या चाळली. पहिल्या प्रकरणात रडते. दुसऱ्यात दोनदा. तिसऱ्यात रडत नाही, पण डोळे भरून येतात. पुढे पावसात रडते, देवळात रडते, भेळ खातानासुद्धा रडते. भेळ खाताना कोण रडतं? मालिनीबाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं.

तेवढ्यात विनीतचा फोन. उत्साहात होता. दुकानदार आणखी मागतोय, दुसरी आवृत्ती काढतो, मुखपृष्ठ तेच, यशाला हात लावायचा नसतो.

"ती आरती काढ," मालिनीबाई म्हणाल्या. "आणि 'मागे' मोठ्या अक्षरात."

"काकू, मग नाही उठायचं."

"नाही उठलं तर नाही. देवाच्या नावावर नको मला. आणि सातवी घेऊन येतेय मी. छापायची नसेल तर आत्ताच सांग, दुसरा बघते."

विनीत काही वेळ कुरकुरला, कोऱ्या पानांचं काय म्हणाला, बघू म्हणाला. त्याचं बघू म्हणजे काय ते मालिनीबाईंना माहीत होतं, पण आता तेवढ्यासाठी थांबायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी हिंदुरावांना स्टूल धरायला लावलं आणि माळ्यावरची पिशवी खाली काढली.

"जुने कपडे आत्ता कशाला?" हिंदुरावांनी विचारलं.

"उसवायचेत," त्या म्हणाल्या.

कुकर लावून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. पहिल्याच पानावर त्यांची नवी मुलगी जिन्यात बसून रडत होती. मालिनीबाईंनी ती ओळ खोडली, चडफडत खोडली, कारण ओळ चांगली होती. मग त्या मुलीला जिन्यातून उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि आधी काहीतरी खायला दिलं.